शत्रूला पाणी, अपराध्याला शासन

श्रोतेहो, नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात आपण माथा टेकतो, पण गुरु गोविंदसिंहांनी दया आणि न्याय यांची सांगड कशी घातली, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

1704 च्या सुमारास आनंदपूरच्या लढाईत कन्हैया नावाचा शिष्य जखमींना पाणी पाजीत फिरे. शत्रूलाही पाजी. सोबती चिडले, त्यांनी त्याला गुरूंपुढे उभे केले. परंपरा सांगते की, गुरूंनी रागे भरण्याऐवजी त्याच्या हाती मलमपट्टीही दिली.

म्हणजे शिक्षा त्यांना मान्यच नव्हती काय? तसे नाही हो! सरहिंदच्या वजीरखानाने त्यांची दोन लहानगी मुले मारविली. 1705 साली त्यांनी औरंगजेबाला फारसीत ‘जफरनामा’ धाडून शपथभंगाचा जाब विचारला. 1708 मध्ये इथूनच, आपल्या गोदाकाठावरून, बंदा बैराग्याला पंजाबात पाठविले. 1710 साली वजीरखान पडला. सरहिंदेत मग जी लूट झाली, ती सगळीच न्यायाची होती असे मला तरी वाटत नाही.

पण मालेरकोटल्याकडे पाहा. तिथला नवाब शेर महंमदखान गुरूंच्या विरुद्ध लढलेला. तरी ‘पोरांना मारू नका’ असे भर दरबारात बोलला तोच. गुरुजी, पाटी फोडणारा आणि ‘फोडू नको’ म्हणणारा एकाच बाकावर बसतात. छडी दोघांना का?

परंपरा सांगते की, तेव्हा शिखांनी मालेरकोटल्याला हात लावला नाही. 1947 च्या कत्तलीतही ते गाव वाचले.