मोबाईलचा ओळख क्रमांक : दुरुस्ती आणि दक्षता



वाहनाला जसा चासी क्रमांक, तसा प्रत्येक मोबाईल संचाला १५ आकडी ओळख क्रमांक असतो. त्यास 'आयएमईआय' म्हणतात. त्यातील पहिले ८ आकडे संचाचा नमुना दर्शवितात, पुढील ६ त्याचा अनुक्रमांक असतो आणि शेवटचा आकडा पडताळणीसाठी असतो. सिमकार्ड बदलले तरी हा क्रमांक कायम राहतो. त्यामुळेच हरवलेल्या संचाचा माग काढता येतो.

संचात चुकीचे सॉफ्टवेअर भरले गेल्यास हा क्रमांक कधी कधी पुसला जातो. पडद्यावर नुसती शून्ये दिसतात आणि नेटवर्क मिळेनासे होते. अशा वेळी रस्त्यावरील एखादा कारागीर हाताशी असलेला कोणताही क्रमांक त्यात घालून देतो. संच चालू होतो. परंतु तो क्रमांक दुसऱ्या कोणाचा असल्यास एकाच्या गुन्ह्यासाठी चौकशी दुसऱ्याच्या दारी येते. २०२० साली मेरठ येथे एकाच क्रमांकावर १३ हजारांहून अधिक संच चालू असल्याचे पोलिसांना आढळले होते.

पूर्वी बिनक्रमांकाचे संचही बाजारात येत. ३० नोव्हेंबर २००९ नंतर त्यांची सेवा बंद करण्याचा निर्णय झाला. त्या मुदतीपर्यंत सेल्युलर ऑपरेटर्स असोसिएशनच्या केंद्रांवर १९९ रुपयांत अस्सल क्रमांक घालून मिळत असे. आज मात्र क्रमांकात फेरफार करणे हा गुन्हा आहे. दूरसंचार अधिनियम, २०२३ अन्वये त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कारावास, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

मग दुरुस्ती करावी कशी? खरेदीची पावती व खोका घेऊन कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात जावे आणि संचाचा मूळ क्रमांकच परत बसवून घ्यावा. मुख्य सर्किट बदलल्याने क्रमांक बदलला, तर तशी लेखी नोंद मागून घ्यावी. दुरुस्तीनंतर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश ही बटणे दाबून पडद्यावरील क्रमांक खोक्यावरील क्रमांकाशी ताडून पाहावा.

संच चोरीस गेल्यास पोलिसांत तक्रार नोंदवून 'संचार साथी' या शासकीय सेवेद्वारे तो बंद करता येतो. या व्यवस्थेचा आरंभ सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतून झाला आणि मे २०२३ पासून ती देशभर लागू आहे. मात्र त्यासाठी क्रमांक ठाऊक असावा लागतो. तेव्हा ग्रामसभेत सदस्यांनी आणि पालक सभेत शिक्षकांनी प्रत्येक कुटुंबास एवढेच सांगावे : आपल्या संचाचा क्रमांक आजच वहीत उतरवून ठेवा.