दाखला नको, पान द्या



घराण्याचा इतिहास म्हटला की आपल्याला कुलवृत्तांत आठवतो. जाडजूड ग्रंथ, शेवटी घडी घालून चिकटवलेला वंशवृक्ष. ते काम मोठंच आहे. पण कुलवृत्तांत निघाले ते ज्यांच्या घरात लिहिणारे होते आणि कागद जपायला माडी होती त्यांचे. त्यातही लेकी बहुतेक वेळा लग्नापुरत्याच दिसतात. बाकीच्या महाराष्ट्राचं काय? मजुराच्या, धनगराच्या, चांभाराच्या घरी मूल जन्मलं त्याची नोंद कुठे आहे? ती सरकारी दप्तरात आहे. कोतवालानं घरोघरची खबर आणायची आणि ती गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीत उतरायची, ही रीत इंग्रजी अमदानीपासूनची. कचेरीत त्या वहीला गाव नमुना १४ म्हणतात, लोक कोतवाल बुक म्हणतात. माझ्या मते महाराष्ट्राचा सगळ्यात मोठा कुलवृत्तांत हाच आहे. फक्त तो कोणी छापलेला नाही.

आता मुद्द्यावर येतो. आपण कचेरीत जातो आणि जन्माचा दाखला मागतो. दाखला मिळतो, शिक्का असतो, क्यूआर कोडही असतो. शाळेला, पासपोर्टला तो पुरतो, पण इतिहासाला पुरत नाही. कारण दाखला हा मूळ नोंदीतून वेचून आज नव्यानं तयार केलेला कागद आहे. त्यात नाव, लिंग, तारीख, ठिकाण, आईवडील, पत्ता आणि नोंदणी क्रमांक येतो. खबर कोणी दिली ते येत नाही. मूळ नोंदीत खबर देणाऱ्याचं नाव असतं, सही किंवा अंगठा असतो. तो माणूस अनेकदा मुलाचा चुलता नाहीतर मामा निघतो आणि वंशवृक्षाची एक अख्खी फांदी हाती लागते. शिवाय दाखला करताना कारकुनानं जे वाचलं तेच त्यात उतरतं. 'गोंदा'चा 'गोविंदा' झाला की तुमचे पणजोबा कागदावर दुसरेच कोणी होतात. म्हणून अर्जात स्पष्ट लिहा: नोंदवहीतील मूळ पानाची प्रमाणित छायाप्रत मिळावी.

जुन्या नोंदींसाठी तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष गाठावा लागतो. काही ठिकाणी वह्या ग्रामपंचायतीत आहेत, शहरांत नगरपालिका-महापालिकांकडे. गाव आज कुठल्या जिल्ह्यात आहे यावर विसंबू नका. लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात. बेळगाव, बिदरकडची घराणी तर १९५६ नंतर दुसऱ्या राज्याच्या कचेऱ्यांत शोधावी लागतात.

वही हाती आली की खरी गंमत सुरू होते. आपण नाव शोधत बसतो आणि नाव तिथे नसतंच. बारसं होण्याआधी खबर गेलेली असते, त्यामुळे नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' असं लिहिलेलं सापडतं. शोधायचं असतं ते बापाच्या नावावर. तेही आडनावाशिवाय, म्हणजे 'राणू बिन सखाराम' असं. विदर्भ-मराठवाड्यात 'बिन'च्या जागी 'वल्द', आणि बाईच्या नावापुढे 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. आडनाव नाही म्हणून हिरमुसू नका, कारण अशा एका ओळीत बाप आणि आजा दोघं सापडतात.

आणखी एक. पहिलं बाळंतपण कुठे व्हायचं? माहेरी. आणि नोंद होते ती जिथे जन्म झाला तिथे. घराण्याचं गाव उलथंपालथं करूनही आजोबा सापडत नाहीत, कारण ते आजोळच्या वहीत बसलेले असतात. म्हणून शोध सुरू करण्याआधी पणजीचं माहेर विचारा. ते नेमकं कोणी लिहून ठेवलेलं नसतं! वाडवडिलांचं गाव सगळ्यांना पाठ, पणजीचं माहेर मात्र एखाद्या थोरल्या आत्यालाच ठाऊक.

तारखेचंही असंच. महाराष्ट्रातल्या एका पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळा जूनमध्ये भरायची, वय बसवायचं असायचं, गुरुजींनी दाखल-खारीज रजिस्टरात १ जून टाकली. कोतवाल बुकात त्याच माणसाचा जन्म आश्विनातला निघतो. दोन कागद भांडायला लागले की मी वहीच्या बाजूनं उभा राहतो, कारण ती नोंद जन्माच्या आसपासची असते. मात्र नोंदणीची तारीख नेहमी पाहा. जन्मानंतर कित्येक वर्षांनी प्रतिज्ञापत्रावर केलेली उशिराची नोंद कायद्याला चालते, पण इतिहासाला तिचं वजन कमी.

मराठवाड्यात निजामाचं राज्य होतं, तेव्हा नोंदी उर्दूतही सापडतात आणि साल फसली असतं. त्यात ५९० मिळवले की इसवी सन जवळपास हाती येतो. महिने आजूर, दै, बहमन असे फारसी, आणि वर्ष ऑक्टोबरात सुरू होणारं. इतरत्र मोडी भेटते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत. वाचता येत नसेल तर जाणकाराला दाखवा, पण मूळ पानाच्या प्रतीवरून. कारकुनानं करून दिलेल्या लिप्यंतरावरून नव्हे.

मोडी जाणणाऱ्यांना अलीकडे एकदम भाव आला. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा कचेऱ्यांतली गाठोडी सुटली. अनेक जिल्ह्यांनी सापडलेल्या नोंदी गावनिहाय संकेतस्थळावर टाकल्या. त्यामागच्या आरक्षणाच्या वादाबद्दल मी इथे बोलणार नाही. पण घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याला आयती वाट मिळाली हे खरं. जातीच्या पुराव्यासाठी इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा कागद लागतो. त्यामुळे वह्या चाळल्या जातात त्या या तारखांपर्यंतच्याच आणि फक्त जातीच्या रकान्यासाठी. काम झालं की लोक पान मिटतात. माझी विनंती आहे की शेजारचे रकानेही उतरवून घ्या.

मृत्यूच्या नोंदींत कारणाचा रकाना असतो. पटकी, देवी, प्लेग आणि सगळ्यांत जास्त 'ताप'. खबर देणारा वैद्य नव्हता, अंगाला हात लावून कळेल ते त्यानं सांगितलं. १९१८ च्या इन्फ्लुएंझानं गेलेले कितीतरी लोक त्या 'तापा'त आहेत. एकाच घरातली तीन माणसं एका आठवड्यात तापानं गेली असं दिसलं की आजाराचं नाव वहीत नसलं तरी ओळखता येतं. इथे एक अडचण सांगतो. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ चं कलम १७ कोणालाही नोंदी शोधून घेण्याचा आणि उतारा मागण्याचा हक्क देतं, पण मृत्यूच्या उताऱ्यात कारण उघड करायला मनाई करतं. कालच्या मृत्यूसाठी हे योग्यच आहे. शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचा आजार लपवून कोणाची अब्रू राखली जाते, हे मात्र मला कळत नाही.

गोव्याच्या मंडळींचा मला हेवा वाटतो. तिथे पोर्तुगीज पद्धतीची नागरी नोंदणी १९१४ पासून सक्तीची झाली. रकाने नाहीत, अख्खी हकिकत लिहिलेली: मूल, आईवडील, दोन्हीकडचे आजी-आजोबा, साक्षीदार. पुढे त्या माणसाचं लग्न झालं की त्याच पानाच्या समासात टीप पडते. एका जन्मनोंदीत तीन पिढ्या, आणि त्यात आईच्या आईचं नावसुद्धा! तिथेही साधा दाखला घेऊन परतू नका. 'तेओर' नमुन्यातली प्रत मागा, म्हणजे नोंदीचा संपूर्ण मजकूर मिळतो. भाषा पोर्तुगीज असेल, पण ती ठरावीक साच्याची असते, चारदोन पानांनंतर डोळा सरावतो.

आपल्याकडे उलट झालं. २००० पासून नोंदणी अर्जाचे दोन भाग आहेत, कायदेशीर आणि सांख्यिकी. वही बनते कायदेशीर भागाची. आईवडिलांचं शिक्षण, व्यवसाय, आईचं वय, हे कितवं मूल, हा मजकूर सांख्यिकी भागात जातो आणि वहीपासून तुटतो. आपल्या पतवंडांना घराण्याबद्दल नेमकं हेच विचारायचं असणार. तेव्हा बाळाच्या जन्माचा अर्ज भराल तेव्हा पूर्ण अर्जाची एक प्रत घरी ठेवा.

आता अर्जाचं. गावाचं नाव, त्या काळचा तालुका, बापाचं नाव आणि अंदाजे साल, पुढेमागे पाच वर्षं धरून, एवढं दिलं तर शोधणाऱ्यालाही दिशा मिळते. 'आमच्या घराण्याच्या सर्व नोंदी द्या' असा अर्ज देऊ नका, तो कोणीच पुरा करू शकत नाही. प्रत नाकारली तर माहिती अधिकार आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि प्रतीबरोबर अभिलेख पाहण्याची परवानगीही मागा. 'वैयक्तिक माहिती' असं कारण पुढे आलं तर माहिती अधिकार अधिनियमाचंच कलम ८(३) दाखवा. घटनेला वीस वर्षं उलटली असतील तर ती सबब उरत नाही. आणि 'वही फाटली', 'वाळवी लागली', 'सापडत नाही' असं तोंडी ऐकून परत येऊ नका. १९६९ च्या कायद्याखालच्या वहीत नोंद नसेल तर अनुपलब्धता प्रमाणपत्र मिळतं, जुन्या वहीबद्दल निदान लेखी उत्तर मिळतं. नोंद नाही हे लेखी घ्या, त्यावर तारीख आणि सही घ्या, आणि मग आजोळच्या गावाला अर्ज करा.