देवघेवीच्या टेबलापाशी



‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ ही संज्ञा रूढ झाली ती १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे भरलेल्या परिषदेमुळे. संगणकाच्या मोठ्या आज्ञावल्या वेळेत पुऱ्या होत नाहीत, ही त्या परिषदेमागची चिंता होती. रेंगाळलेल्या कामावर आणखी माणसे नेमल्यास ते अधिकच रेंगाळते, असा निष्कर्ष फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली आयबीएममधील अनुभवावरून मांडला. माझे विद्यार्थी तो उत्तरपत्रिकेत बिनचूक लिहीत. त्याचा अर्थ मात्र त्यांना उमगला तो एका ग्रंथालयात.

पाच जणांनी तेथील देवघेवीसाठी आज्ञावली रचली. वर्गात ती निर्दोष चालली. ग्रंथपालांनी पहिल्याच दिवशी विचारले, “या कादंबरीच्या तीन प्रती आहेत, सभासदाने नेली ती कोणती?” ग्रंथ आणि प्रत हा भेद मुलांनी केलाच नव्हता. घाईने आणखी तिघांना मदतीस घेतले. त्यांना काम समजावण्यातच आठवडा गेला. अखेर मुले टेबलामागे बसून नोंदवह्या वाचू लागली, प्रश्न विचारू लागली.

काम अपुरे राहिले, गुणही कमी मिळाले. त्याची रुखरुख मला आजही आहे. कारण खरे शिक्षण त्याच आठवड्यांत झाले होते.

म्हणून माझी विनंती एवढीच, की असे अपुरे काम कपाटात न ठेवता पुढच्या वर्गाच्या हाती द्यावे. दुसऱ्याने लिहिलेले समजून घेऊन सुधारणे, हाच या व्यवसायाचा नित्यक्रम आहे. या ग्रंथालयाच्या नोंदवह्याही शंभर वर्षे अशाच एका हातातून दुसऱ्या हातात आल्या आहेत.