वालाचा दाणा आणि विद्येचें दार
(ज्युबिलीच्या सभेंत ईट येथें केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या दिवशीं फादरांनीं प्रयोगशाळेच्या गोष्टी कां सांगाव्या, असें कोणास वाटेल. त्याचें कारण आम्ही शेवटीं सांगूं. आरंभ आपल्या खळ्यापासूनच करितों. सुगींत मळणीयंत्रापुढें सोयाबीनची धूळ उडते. दहा जण ती झटकून घरीं जातात. अकराव्यास मात्र शिंका येतात, दम लागतो, छाती वाजूं लागते. धूळ एकच असतां हा भेद कां? याचें उत्तर बहुधा प्रथिन नांवाच्या पदार्थांत सांपडतें. आणि प्रथिनांच्या अभ्यासांत एका महाराष्ट्रीय भगिनीनें आपल्या उमेदीचीं वर्षें वेंचिलीं आहेत.

डॉ. कमलाबाई सोहोनी, माहेरच्या भागवत, यांचा जन्म १९११ सालीं इंदूर येथें झाला. विदुषी दुर्गाबाई भागवत या त्यांच्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३ सालीं त्यांनीं बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत प्रवेश मागितला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनीं त्या स्त्री आहेत एवढ्याच कारणास्तव नकार दिला. कमलाबाई निमूटपणें परतल्या नाहींत. त्यांनीं सत्याग्रहाचा मार्ग धरिला. अखेर एक वर्ष काम पाहूं, अशा अटीवर त्यांस आंत घेतलें गेलें. तो अपमान त्यांस वृद्धापकाळींहि विसरतां आला नाहीं. गुरु श्रीनिवासय्या यांच्या हाताखालीं त्यांनीं दूध व कडधान्यें यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्ष सरलें तेव्हां रामन यांचें समाधान झालें, आणि त्या संस्थेचें दार इतर मुलींसहि उघडलें.

पुढें त्या केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींत श्वसनक्रियेस साह्य करणारें सायटोक्रोम-सी त्यांनीं दाखवून दिलें. १९३९ सालीं मिळालेल्या डॉक्टरेटचा त्यांचा प्रबंध अवघा ४० पानांचा होता.

१९४७ सालीं विवाहानंतर त्या मुंबईस आल्या व तेथील विज्ञानसंस्थेंत त्यांनीं जीवरसायनाचें अध्यापन व संशोधन चालविलें. गरिबाच्या ताटांतील अन्न हाच त्यांचा विषय. आपल्या जठरापुढील आंतड्यांत ट्रिप्सिन नांवाचा पाचक रस प्रथिनांचे तुकडे करितो. परंतु कच्च्या कडधान्यांत असें एक प्रथिन असतें, कीं जें त्या ट्रिप्सिनलाच मिठी मारून निकामी करितें. १९५५ सालीं कमलाबाई व त्यांचे सहकारी यांनीं वाल व डबल बी यांतून असें द्रव्य स्फटिकरूपांत वेगळें केल्याचें प्रसिद्ध केलें. भिजवून नीट शिजविल्यावर त्याचें बळ बहुतांशीं नष्ट होतें. आपल्या आजीबाई वाल कच्चे कां खाऊं देत नसत, याचें मर्म येथें आहे.

आतां त्या धुळीकडे वळूं. कमलाबाईंचें कार्य पोषणाचें. अ‍ॅलर्जीची विद्या वेगळी. परंतु दोन्हींचें मूळ प्रथिनच. शरीराचा पहारेकरी कधीं निरुपद्रवी प्रथिनास चोर समजतो, त्याच्याविरुद्ध आय-जी-ई नांवाचीं प्रतिद्रव्यें तयार ठेवितो, व तें पुन्हां येतांच अंगांत हिस्टामिन सोडितो. त्यानेंच शिंका, पित्त व दमा उद्भवतात. हें प्रतिद्रव्य १९६६-६७ च्या सुमारास इशिझाका दांपत्यानें व स्वीडनमधील संशोधकांनीं ओळखिलें. स्पेनमधील बार्सिलोना शहरीं १९८१ पासून १९८७ पर्यंत अधूनमधून एकाच दिवशीं अनेकांस दम्याचे झटके येत. शोधाअंतीं कळलें, कीं त्या दिवशीं बंदरांत सोयाबीन उतरविलें जाई; टरफलांतील प्रथिन वाऱ्यावर शहरांत पसरे. कोठारास धूळ अडविणारे गाळणे बसवितांच ती सांथ थांबली. म्हणून मळणीस ज्यांस दम लागतो त्यांनीं नाकातोंडास फडकें बांधावें व वैद्यकीय सल्ला घ्यावा. दैवास बोल लावूं नये. शिजविल्यानें सर्वच अ‍ॅलर्जी टळते, असेंहि समजूं नये. भुईमुगाचें प्रथिन उष्णतेस सहसा दाद देत नाहीं.

आतां कारण सांगतों. गेल्या वर्षीं एक पिता आम्हांकडे आले. मुलीस विज्ञानशाखेंत घालावें कीं नाहीं, असा त्यांचा प्रश्न होता. कॉलेज दूर, खर्च फार, शिवाय मुलीची जात, असा व्यवहारी सल्ला आम्हीं दिला. मुलगी दाराशींच उभी होती. तिचें मत आम्हीं विचारलें देखील नाहीं. या भाषणाकरितां कमलाबाईंचें चरित्र वाचीत असतां ती मुलगी आमच्या डोळ्यांपुढें उभी राहिली, व आम्ही मनांतून ओशाळलों. रामन यांस मत बदलावयास एक वर्ष लागलें. आम्हांसहि तेवढेंच लागलें. मागल्या रविवारीं आम्ही त्या घरीं जाऊन आपला सल्ला मागें घेतला, आणि या खेपेस प्रथम तिलाच विचारिलें. येत्या जूनमध्यें ती कॉलेजास जाईल. तिच्या पुस्तकांचा भार आम्हीं उचलला आहे. तिच्यासारख्या आणखी ज्या असतील, त्यांचा भार आपण सर्वांनीं मिळून उचलावा, एवढीच आजच्या दिवशीं आमची विनंति आहे.