रेडिओ मुका झाला तर
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



2023 च्या नोव्हेंबरचे शेवटचे दिवस आपण कोणी विसरलेलो नाही. झाडावर कापूस फुटलेला, कडब्याची गंजी अजून लागायची, आणि अवकाळी पाऊस आला. कुठे कुठे गाराही पडल्या. हवामान खात्याचा इशारा आधी निघाला होता. आमच्या घरात मात्र तो पोचला नाही. आमच्या मोबाईलवरचा रेडिओ चार दिवस मुका होता. 'नेट नाही' म्हणत आम्ही फोन खिशात घातला. मागाहून कळले, नेट होते. बॅटरी पार उतरल्यावर फोनची तारीख मागे गेली होती, एवढेच. मजूर मिळाले नसते तरी घरच्या माणसांनी दोन क्विंटल कापूस वेचून आणला असता. तो भिजला. म्हणून आज हा विषय.

आपल्या जिल्ह्यात घाट आडवा आहे. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर आला की अडतात. घाटाखाली अकोला केंद्र खणखणीत लागते, घाटावर कुठे लागते, कुठे खरखरते. म्हणून पोरांनी मोबाईलवर न्यूज ऑन एअर घेतले. त्यावर आकाशवाणीची दोनशेहून अधिक केंद्रे ऐकू येतात. सोय चांगली आहे, पण ती चालते कशी हे समजून घेतले पाहिजे.

मनोरा एकदा बोलतो आणि हजारो ऐकतात. नेटवर तसे नाही. तिथे आवाजाचे लहान लहान तुकडे करून प्रत्येकाच्या फोनला वेगळे धाडतात. फोन काही सेकंदांचा साठा करतो, मग वाजवतो. साठा संपला की गोल चकरी फिरत राहते. सेकंदाला 64 किलोबिटचा आवाज असेल तर तासाला सुमारे 29 एमबी डेटा लागतो. म्हणजे रेडिओ फार खात नाही. त्याला जास्त नेट नको, सलग नेट हवे.

आता रेडिओ मुका झाला तर क्रमाने पाहा. आधी फोनवर दुसरे काही उघडते का? नाही, तर नेटच नाही किंवा रिचार्ज संपला. उघडत असेल तर दुसरे केंद्र लावा. ते वाजले तर खोट त्या केंद्राच्या बाजूची आहे, फोनला दोष देऊ नका. एकही केंद्र वाजत नसेल तर तारीख-वेळ बघा. जोडणीच्या वेळी फोन समोरच्याचे ओळखपत्र तपासतो. त्यावर मुदत असते. तारीख चुकली की फोनला ती मुदत जुळत नाही आणि तो दारच लावून घेतो. पोराने जुना पत्ता साठवून दिला असेल तर तो बदललेला असू शकतो, नवा घ्यावा. पडदा काळा झाला की आवाज बंद होत असेल, तर बॅटरी वाचवण्याची सोय रेडिओला झोपवते. त्या अॅपपुरती ती काढा. तुटत तुटत वाजत असेल तर फोन घेऊन फिरू नका, उंचावर एका जागी ठेवा.

आणखी एक ध्यानात ठेवा. मध्येच थांबवून पुन्हा सुरू केले, तर काही अॅप जिथे थांबले तिथूनच बोलू लागतात. अर्ध्या तासापूर्वीचे हवामान ताजे म्हणून ऐकाल. पूर्ण बंद करून नव्याने लावा.

पण सगळी भिस्त नेटवर ठेवू नका. वादळात वीज जाते, मोबाईल टॉवरची बॅटरी संपते, आणि नेमक्या गरजेच्या वेळी फोन मुका होतो. सेलवरचा रेडिओ माळ्यावर टाकू नका. घरी फ्री डिश असेल तर वीज असताना तिच्यावरही आकाशवाणी लागते.

1956 साली त्या वेळच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत सुमारे 150 गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे बसली होती. माणसे एकत्र ऐकत, बोलत आणि ठरवत. आज प्रत्येकाच्या खिशात रेडिओ आहे, पण पारावर बातमी नाही. प्रत्येक गावाने दोन माणसे नेमावीत. एकाने फोनवर ऐकावे, एकाने सेलच्या रेडिओवर, आणि इशारा आला की दवंडी द्यावी.

सरकारकडे मागणी एकच. मध्यम लहरींचे जुने मनोरे एकेक करून बंद होत आहेत. प्रत्येक शिवारात सलग नेट पोचेपर्यंत आमच्या कानावरचा मनोरा उतरवू नका. आम्ही भीक मागत नाही, वेळेवर खबर मागतो. वेचणी आमची आम्ही करू.