यंत्रहाताला वीज किती लागते?

रामाकोना हे नागपूर-छिंदवाडा लोहमार्गावरील गाव. त्याचा सौंसर तालुका २०२३ साली छिंदवाड्यातून निघून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आला. हा संत्र्यांच्या बागांचा मुलूख. विहिरीवरील मोटरपंप सुरू होताच घरातील दिवा क्षणभर मंदावतो, हे येथील लहान मुलांनाही ठाऊक असते. चालत्या पंपापेक्षा सुरू होणारा पंप कित्येक पट अधिक प्रवाह ओढतो. त्या ओढीने तारेतील दाब उतरतो आणि दिव्याची ज्योत खाली येते. छंद म्हणून यंत्रमानव घडवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने एवढीच गोष्ट ध्यानी धरली, तर त्याचे पुष्कळ श्रम वाचतील.

नीती आयोगाने २०१६ साली अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना आरंभली आणि सहावी ते बारावीच्या मुलांच्या हाती अशी साधने येऊ लागली. त्यांतील आवडता प्रकल्प म्हणजे यंत्रहात. त्याचे सांधे सर्वो मोटरी फिरवितात. सर्वो ही सामान्य मोटर नव्हे. तिच्या पोटात मोटर, दंतचक्रे आणि आपला कोन ओळखणारे मोजमाप असते. दर २० मिलिसेकंदांनी तिला एक स्पंद मिळतो. तो सुमारे १ मिलिसेकंदाचा असेल तर ती एका टोकास जाते, २ मिलिसेकंदांचा असेल तर दुसऱ्या टोकास आणि दीड मिलिसेकंदाचा असेल तर मध्यावर थांबते. म्हणजे स्पंदाची तार केवळ हुकूम सांगते. अंगातील बळ मात्र दुसऱ्या दोन तारांतून यावे लागते.

चूक घडते ती येथेच. अवघी ९ ग्रॅम वजनाची लहान सर्वो मोकळी फिरते तेव्हा तिची गरज थोडी असते. परंतु ओझ्याने अडली म्हणजे ती पाऊण अँपिअरच्या आसपास प्रवाह मागते. अशा चार मोटरी एकदम अडल्या तर मागणी ३ अँपिअरपर्यंत जाते. धातूच्या दंतचक्रांची मोठी सर्वो तर एकटीच सुमारे अडीच अँपिअर ओढते. आणि पुरवठा कोठून? बहुधा आर्डुइनो फलकातून. त्याला संगणकाच्या यूएसबी जोडणीतून जेमतेम अर्धा अँपिअर मिळतो. एक मोटर जोडली की सारे सुरळीत चालते. चार जोडल्या की हात थरथरतो. दाब कोसळल्याने फलक बंद पडून पुन्हा सुरू होतो, आज्ञावली पहिल्यापासून चालू लागते, सर्व मोटरी एकदम उसळतात आणि दाब पुन्हा कोसळतो. बघणाऱ्यास वाटते, आज्ञावलीच चुकली. मुलगा ती दहादा लिहितो, मोटर बदलतो, आणि अखेर ‘हे आपल्याला जमणारे नव्हे’ असे म्हणून हात आखडता घेतो. वास्तविक त्याची बुद्धी निर्दोष असते. उपाशी असते ती मोटर.

निदान सोपे आहे. तीन मोटरी काढून एकच ठेवावी. ती नीट चालली आणि दुसरी-तिसरी जोडताच बिघाड परतला, तर दोष पुरवठ्याकडे आहे असे समजावे. हात ओझे उचलीत असता मोटरीच्या तारांवर मल्टिमीटर लावला, तर उतरलेला दाब बहुधा डोळ्यांना दिसतो.

उपाय असा की, मोटरींना स्वतंत्र वीज द्यावी. लहान सर्वोंना ४.८ ते ६ व्होल्ट दाब मानवतो. निकेल-मेटल हायड्राइडचे १.२ व्होल्टचे चार घट ओळीने जोडले की ४.८ व्होल्ट मिळतात. अथवा पुरेशा अँपिअरचा ५ व्होल्टचा अडॅप्टर घ्यावा. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी मात्र या कामाची नाही. तिचा दाब जास्त आणि प्रवाह देण्याची ताकद तुटपुंजी. लिथियमचे दोन घट ओळीने जोडल्यास पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट होतात. दाब उतरविणारे मंडल मध्ये न घालता ते जोडले तर लहान मोटर जळू शकते. दोन्ही पुरवठ्यांचे ऋण टोक एकत्र जोडणे अगत्याचे. एरवी स्पंदाला परतीची वाट उरत नाही आणि मोटर भलतीकडे भरकटते. धन टोके मात्र वेगळीच ठेवावीत. मोटरींजवळ ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा संधारित्र, त्याची धन-ऋण बाजू पाहून, लावावा. क्षणिक ओढ तो सोसतो. तारा जाड व आखूड असाव्यात. ठिबकाच्या अरुंद नळीने साऱ्या बागेला पाणी पोचत नाही, तोच न्याय येथे लागू आहे.

शेवटी, मागणीच कमी करणे हाही शहाणपणा होय. सुमारे १.८ किलोग्रॅम-सेंटिमीटर बळाची लहान सर्वो १० सेंटिमीटर लांबीच्या हाताच्या टोकाला फार तर १८० ग्रॅम पेलते, आणि तेही अडून बसण्याच्या सीमेवर. म्हणून हात हलका व आखूड करावा, मागे प्रतिभार बांधावा, मोटरी एकामागून एक हलवाव्यात. प्रयोगापूर्वी कागदावर प्रत्येक मोटरीची मागणी लिहून बेरीज करावी आणि पुरवठा तिच्याहून थोडा अधिक ठेवावा. ही बेरीज पाचवीतल्या मुलालाही येते. ती आधी मांडली तर चांगल्या मोटरीवर व चांगल्या विद्यार्थ्यावर नालायकीचा शिक्का बसणार नाही.