काचेवरील कोरीवकाम : टोक, चाक आणि आम्ल



महाराष्ट्रात नवे भांडे घरी येते ते बहुधा नाव घालूनच. भांड्यांच्या दुकानापाशी बसलेला कारागीर टिंबाला टिंब जोडीत पितळेवर वा स्टीलवर अक्षरे उमटवितो. हेच काम काचेवर करावयाचे झाल्यास मात्र अडचण येते. धातू दबतो, काच दबत नाही, ती तडकते. म्हणून काचेवर नक्षी उमटविण्यासाठी कारागिरांना निराळ्या वाटा शोधाव्या लागल्या. टोक, चाक आणि आम्ल या त्यांतील प्रमुख होत.

चाकाच्या कामाला युरोपात राजाश्रय लाभला. प्राग येथील सम्राट दुसरा रुडॉल्फ याच्या दरबारी कास्पार लेहमान हा रत्ने कोरणारा कारागीर होता. काच कोरण्याचा खास परवाना त्याला १६०९ साली मिळाला. या पद्धतीत तांब्याचे लहानसे चाक फिरत असते, त्यावर तेलात कालवलेली घर्षक पूड लावतात आणि कारागीर पेला चाकाच्या खालच्या बाजूने वर टेकवितो. चाक जेथे काचेला भिडते ती जागा त्याला धड दिसतही नाही. बोटांना लागणाऱ्या अंदाजावरच पुष्कळ काम चालते. असे हात घडावयास वर्षे लागतात. म्हणूनच बोहेमियातील कामेनित्स्की शेनोव्ह या गावी १८५६ साली काचकामाची शाळा निघाली. हाताने काच घडविण्याच्या परंपरेची युनेस्कोने २०२३ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद घेतली, हेही येथे नमूद करावयास हवे.

टोकाचे काम त्याहून साधे दिसते, पण ते फसवे आहे. हिऱ्याची कणी बसविलेल्या लेखणीने हॉलंडमधील फ्रान्स ग्रीनवुड याने अठराव्या शतकात केवळ टिंबांनी चित्रे काढली. कागदावर पेन्सिल छाया निर्माण करते. काचेवर टोक प्रकाश निर्माण करते. टिंबे जितकी दाट तितका उजेड अधिक, आणि कोरी राहिलेली काच हीच छाया. चित्रकलेच्या शिक्षकांना या उलट्या हिशेबाची गंमत वाटल्यावाचून राहणार नाही. विसाव्या शतकात इंग्लंडमधील लॉरेन्स व्हिसलर यांनी या कलेचे पुनरुज्जीवन केले. मोर्टन या खेड्यातील चर्चची तावदाने १९४० साली बॉम्बने उद्ध्वस्त झाली होती. त्यांच्या जागी व्हिसलर यांनी १९५५ पासून सुमारे तीस वर्षे, एकामागून एक, कोरीव तावदाने बसविली.

आता तिसरी वाट. आणि हिच्याविषयीच सविस्तर बोलणे अगत्याचे आहे. काचेचा मुख्य घटक सिलिका. तिला विरघळविणारे आम्ल म्हणजे हायड्रोफ्लुओरिक आम्ल होय. काचेवर मेणाचा थर द्यावयाचा, सुईने त्यावर आकृती खरवडून काच उघडी करावयाची आणि तेवढ्याच भागावर आम्लाची क्रिया होऊ द्यावयाची, अशी ही रीत. त्याचे क्षार वापरले म्हणजे दुधी, खरखरीत नक्षी मिळते. काम झटपट होते, हात फार तयार असावा लागत नाही, आणि म्हणूनच लहान कारागिराला त्याचा मोह पडतो.

परंतु हे आम्ल इतर आम्लांसारखे नव्हे. सौम्य द्रावण त्वचेवर पडले तर प्रथम काहीच जाणवत नाही. कित्येक तासांनी, प्रसंगी दुसऱ्या दिवशी, असह्य वेदना सुरू होतात. तोवर फ्लुओराइड आत शिरून शरीरातील कॅल्शियम बांधून टाकीत असते. त्याचा परिणाम हाडांवर आणि हृदयाच्या ठोक्यांवरही होतो. साधे कापडी वा फाटके रबरी हातमोजे हे संरक्षण नव्हे. बाजारात मिळणाऱ्या नक्षीच्या मलमांतही बहुधा हेच क्षार असतात. मलम म्हटले की निरुपद्रवी, हा समज सर्वथा चुकीचा आहे.

हे आम्ल शाळेच्या वर्गात वा घरच्या ओट्यावर येता कामा नये. ज्या गावात व्यवसाय म्हणून ते वापरले जाते तेथे पंचायतीने प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याची आगाऊ कल्पना द्यावी, जेणेकरून कॅल्शियम ग्लुकोनेटचा लेप तेथे उपलब्ध राहील. अंगावर थेंब पडताच वाहत्या पाण्याने तो भाग भरपूर धुवावा, कपडे उतरवावेत आणि दुखत नसले तरी डॉक्टरांकडे जावे. जाताना बाटलीवरील नाव लिहून न्यावे. नुसते 'ॲसिड' सांगून उपचार ठरत नाही.

महाराष्ट्राला काच परकी नाही. लोकांकडून पैसा पैसा गोळा करून तळेगाव येथे १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, आणि कराडजवळ ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदील घरोघरी पोहोचला. कोरीवकामासाठी तर कारखानाही नको. मुरंब्याची रिकामी बरणी, आत चिकटविलेला नक्षीचा कागद, खाली काळे कापड आणि कठीण टोकाची लेखणी एवढ्यावर वर्ग सुरू होतो. डोळ्यांना चष्मा हवा. काच ओली ठेवावी, म्हणजे भुकटी श्वासावाटे छातीत जात नाही. वर्ग संपल्यावर ती झाडू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. कडक केलेली, म्हणजे 'टफन्ड' काच मात्र वापरू नये. खोल चरा पडताच तिचे तुकडे तुकडे होण्याचा संभव असतो. पहिल्या दिवशी विद्यार्थ्याने बरणीवर स्वतःचे नाव टिंबांनी काढावे, दुसऱ्या दिवशी आंब्याचे पान.